इमेज टाकल्यावर कॉम्प्युटर सुरू होत नाही? आधी स्क्रीन नीट वाचा

एका कॉम्प्युटरवर विंडोज आणि लागणारी सगळी सॉफ्टवेअर व्यवस्थित बसवायची, क्लोनझिला या मोफत टूलने त्या डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, काढायची आणि बाकीच्या मशीनवर ती टाकायची, असं शाळा-कॉलेजांच्या लॅबमध्ये आणि छोट्या ऑफिसांत सर्रास चालतं. कधी कधी इमेज विनातक्रार पडते, मशीन रीस्टार्ट होतं आणि विंडोज मात्र येत नाही. अशा वेळी घाईघाईने तीच इमेज पुन्हा टाकायला घेऊ नका. इमेजमध्ये फक्त डिस्क येते. मदरबोर्डमधली सेटिंग्ज तिच्यात येत नाहीत, आणि खूपदा घोळ तिथेच असतो. तो तसाच राहतो, तुमचा वेळ तेवढा जातो.

आधी हे बघा की एकच मशीन अडलंय की सगळीच. सगळीच अडली असतील तर इमेजवर किंवा ती काढण्याच्या पद्धतीवर संशय घ्या. एखाद-दुसरंच असेल तर शेजारचं चालू मशीन आणि हे, दोन्हींची बायोस स्क्रीन (मदरबोर्डच्या सेटिंग्जची, विंडोजच्या आधी उघडणारी) उघडून एकेक सेटिंग ताडून बघा. अर्धी प्रकरणं इथेच मिटतात, असं मी ठामपणे म्हणेन.

पायरी १: मशीन नेमकं कुठे थांबतंय?

‘नो बूटेबल डिव्हाइस’ असं दिसलं, तर मदरबोर्डला बूट करण्याजोगं, म्हणजे विंडोज सुरू करता येईल असं, काहीच सापडलेलं नाही. ०एक्ससी००००००ई असा कोड आला, तर बूट मॅनेजर (विंडोज सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) सापडला, पण त्याला विंडोज सापडत नाही. विंडोजचा लोगो येऊन मग ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ची निळी स्क्रीन आली, तर विंडोज सुरू झालं, पण त्याला स्वतःचीच डिस्क दिसेना. तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत, म्हणून मेसेजचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

पायरी २: ‘नो बूटेबल डिव्हाइस’

एफ२ किंवा डिलीट दाबून बायोसमध्ये जा (काही कंपन्यांची की वेगळी असते). तिथे डिस्कचं नावच नसेल तर केबल किंवा डिस्क तपासा. नाव दिसत असेल तर बूट मोड बघा: यूईएफआय (नवी पद्धत) की लेगसी (जुनी)?

इमेज कुठल्या मोडची आहे हे ओळखायला विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करा आणि पहिल्या स्क्रीनवर शिफ्ट+एफ१० दाबा. काळी कमांड खिडकी उघडेल. या लेखात कमांड देवनागरीत आहेत, तुम्ही त्या इंग्रजी अक्षरांत टाइप करा. ‘डिस्कपार्ट’ आणि मग ‘लिस्ट डिस्क’ दिलं की डिस्कची यादी येते. तिच्या शेवटच्या, ‘जीपीटी’ नावाच्या रकान्यात त्या डिस्कसमोर * असेल तर बायोसमध्ये यूईएफआय मोड हवा. रकाना रिकामा असेल तर ती डिस्क एमबीआर (डिस्कचे भाग नोंदवायची जुनी पद्धत, जीपीटी ही नवी) आहे आणि तिच्यावरचं विंडोज लेगसी मोडमध्येच बूट होईल.

जुनी एमबीआर इमेज असेल तर लेगसी मोड लावून वेळ मारून नेता येते, पण मला ते पटत नाही. विंडोज १०चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११ला यूईएफआय लागतं. मूळ मशीनवरच ‘एमबीआर२जीपीटी’ हे विंडोजमधलं टूल चालवून डिस्क बदलून घ्या आणि मग नवी इमेज काढा. टूल डेटा पुसत नाही, तरीही बॅकअप आधी घ्याच.

मोड जुळतोय आणि तरी बूट होत नाही? यूईएफआय मशीनमध्ये ‘विंडोज बूट मॅनेजर’ची नोंद मदरबोर्डच्या मेमरीत राहते, डिस्कवर नाही. ती इमेजबरोबर येईलच असं नाही. ‘ॲड बूट ऑप्शन’सारखा पर्याय असेल तर त्यातून ईएफआय, मायक्रोसॉफ्ट, बूट या फोल्डरांतली ‘बूटएमजीएफडब्ल्यू.ईएफआय’ फाइल निवडून नोंद हाताने करता येते.

पायरी ३: ०एक्ससी००००००ई

इथे बूटच्या फाइल्स नव्याने लिहाव्या लागतात. पायरी २मधला विंडोजचा पेनड्राइव्ह यूईएफआय मोडमध्येच सुरू करा आणि शिफ्ट+एफ१०ने काळी खिडकी उघडा. डिस्कपार्टमध्ये ‘लिस्ट व्हॉल्यूम’ द्या आणि फॅट३२ प्रकारचा, साधारण १०० एमबीचा छोटा व्हॉल्यूम (डिस्कचा भाग) शोधा. पेनड्राइव्हही फॅट३२ असतो, म्हणून आकार बघूनच निवडा. तो व्हॉल्यूम ३ असेल तर ‘सिलेक्ट व्हॉल्यूम ३’, मग ‘असाइन लेटर=एस’, मग ‘एक्झिट’. आता:

बीसीडीबूट सी:\विंडोज /एस एस: /एफ यूईएफआय

पेनड्राइव्हवरून सुरू केल्यावर विंडोजच्या ड्राइव्हचं अक्षर सी असेलच असं नाही, डी किंवा ई निघू शकतं. आधी ‘डीआयआर डी:\’ असं देऊन विंडोज फोल्डर कुठे आहे ते बघा आणि कमांडमध्ये तेच अक्षर घाला.

पायरी ४: निळी स्क्रीन, इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस

बायोसमध्ये स्टोरेज मोड (मदरबोर्ड डिस्कशी कसा बोलतो ते ठरवणारी सेटिंग) शोधा: एएचसीआय, रेड किंवा इंटेलच्या नव्या मशीनवर व्हीएमडी. मूळ मशीन एएचसीआयवर आणि हे रेड किंवा व्हीएमडीवर असेल, तर विंडोजकडे या कंट्रोलरचा ड्रायव्हर तयार नसतो. मूळ मशीनचा मोड इथे लावा, बहुधा पुढच्याच रीस्टार्टला डेस्कटॉप येतो. मोड बदलणं शक्य नसेल तर मशीनच्या कंपनीच्या साइटवरून स्टोरेज ड्रायव्हर घ्या, पेनड्राइव्हवर उलगडून ठेवा आणि त्याच काळ्या खिडकीतून तो बंद विंडोजमध्ये घाला (डी विंडोजचा, ई पेनड्राइव्हचा):

डीआयएसएम /इमेज:डी:\ /ॲड-ड्रायव्हर /ड्रायव्हर:ई:\ /रिकर्स

बिटलॉकरने (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं फीचर) ४८ अंकी रिकव्हरी की मागितली तर मूळ मशीनची की लागेल. पुढच्या इमेजआधी बिटलॉकर बंद करा, डिस्क पूर्ण डिक्रिप्ट होऊ द्या आणि सिसप्रेप (विंडोजमधून त्या मशीनची खास ओळख काढणारं टूल) ‘जनरलाइझ’ पर्यायासह चालवून मशीन शटडाउन करा. त्यानंतर ते विंडोजमध्ये पुन्हा सुरू न करता थेट क्लोनझिलाच्या पेनड्राइव्हवरून सुरू करून इमेज काढा.