सरकीच्या लिंटरपासून प्रकाशणारा सेल्युलोज धागा

जिनिंगनंतर सरकीला जी आखूड लव चिकटून राहते, ती लिंटर म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज असते, आणि नागपूरच्या परिसरात ती सहज मिळते. या लिंटरचा लगदा विरघळवून त्यात दीप्तिमान नॅनोकण मिसळले आणि त्या द्रावणाचा धागा ओढला, तर नेहमीच्या उजेडात पांढरा आणि अतिनील प्रकाशात लाल दिसणारा धागा तयार होतो. कण धाग्याच्या पृष्ठभागावर नव्हे, तर अंगातच असल्यामुळे ते रंगासारखे निघून जात नाहीत. म्हणूनच महत्त्वाच्या दस्तऐवजांचा कागद आणि अस्सल मालाची लेबले यांसाठी असे धागे उपयोगी पडतात.

या कामाचे यश धागा ओढण्याच्या कितीतरी आधी, कणांच्या निवडीतच ठरते. दीप्तिमान कण म्हणून वापरता येणाऱ्या पदार्थांपैकी झिंक ऑक्साइड आम्लात आणि तीव्र अल्कलीतही विरघळते, झिंक सल्फाइडपासून आम्लात विषारी हायड्रोजन सल्फाइड सुटतो आणि स्ट्रॉन्शियम अॅल्युमिनेटला पाणी लागले की त्याची दीप्ती मावळते. त्यामुळे सेल्युलोजचा धागा बनवण्याच्या पद्धतींपैकी अल्कली आणि आम्ल वापरणाऱ्या व्हिस्कोस पद्धतीपेक्षा लायोसेल पद्धत मला येथे अधिक योग्य वाटते, कारण तिच्यात धागा साध्या पाण्यातच गोठतो. कण म्हणून युरोपियम मिसळलेले यिट्रियम ऑक्साइड घ्यावे. ट्यूबलाइटमध्ये लाल प्रकाशासाठी वापरला जाणारा हाच पदार्थ २५४ नॅनोमीटरच्या अतिनील किरणांनी ६११ नॅनोमीटरच्या आसपास लाल प्रकाश देतो.

लायोसेलचा द्रावक एन-मेथिलमॉर्फोलीन-एन-ऑक्साइड, म्हणजेच एनएमएमओ, सहसा ५० टक्के जलीय द्रावणाच्या रूपात मिळतो. त्याचे १६० ग्रॅम घेऊन प्रथम त्यात ०.१६ ते ०.२४ ग्रॅम कण टाकावेत आणि अल्ट्रासोनिक प्रोबने ते नीट विखुरावेत. लगदा आधी टाकल्यास गुठळ्या मोडणे जवळजवळ अशक्य होते. नंतर ८ ग्रॅम कोरडा लगदा आणि द्रावण तापताना बिघडू नये म्हणून ०.०८ ग्रॅम प्रोपाइल गॅलेट घालावे. लगद्याचा बहुलकीकरण अंक, म्हणजे सेल्युलोजच्या एका साखळीतील ग्लुकोज घटकांची सरासरी संख्या, ५०० ते ७०० च्या दरम्यान असावा, नाहीतर द्रावण इतके घट्ट होते की छिद्रातून बाहेर येत नाही.

हे मिश्रण फ्यूम हूडमध्ये, तेलाच्या बाथवर, निर्वातात ढवळत तापवावे आणि सुमारे ६८ ग्रॅम पाणी उडून जाऊ द्यावे, म्हणजे १०० ग्रॅम मधाळ रंगाचे द्रावण उरते. तापमान १२० अंशांपुढे जाऊ देऊ नये: १५० अंशांच्या आसपास एनएमएमओचे विघटन अनावर होऊन स्फोट होऊ शकतो, आणि लोखंड किंवा तांब्याचे आयन त्याला चालना देतात. त्यामुळे भांडी काचेची किंवा चांगल्या स्टेनलेस स्टीलची असावीत आणि गंजलेला एक स्क्रूसुद्धा द्रावणाच्या वाटेत नसावा. एनएमएमओ हवेतील ओलावा ओढून घेतो, म्हणून पावसाळ्यात बाटली उघडी ठेवू नये. पाणी जास्त झाले की सेल्युलोज विरघळतच नाही.

धागा ओढण्यापूर्वी द्रावणाचा एक थेंब क्वार्ट्झच्या दोन पट्ट्यांमध्ये दाबून २५४ नॅनोमीटरच्या दिव्याखाली पाहावा. साधी काच हे किरण अडवते, म्हणून तिच्या पट्ट्या येथे चालत नाहीत. सगळीकडे सारखा लाल उजेड दिसला तर पुढे जावे. लाल ठिपके दिसले तर कण एकत्र आले आहेत आणि तेच छिद्र बुजवतील.

सुमारे ९० अंशांवर ठेवलेल्या पिस्टनमधून, ०.४ मिलिमीटर छिद्राच्या स्पिनरेटने, म्हणजे धागा ओढण्याच्या बारीक छिद्राच्या तोटीने, द्रावण खाली सोडावे. काही सेंटिमीटर हवेतून खाली येताना धागा ताणला जाऊन बारीक आणि मजबूत होतो, आणि मग २० अंशांच्या पाण्यात गोठतो. मे महिन्यात नागपूरच्या टाकीतले पाणी तापलेले असते, म्हणून कुंडीत बर्फ टाकणे भाग पडते. गोठलेला धागा अनेकदा पाणी बदलून धुवावा आणि हलक्या ताणाखाली वाळवावा.

कणांचे प्रमाण लगद्याच्या वजनाच्या ३ टक्क्यांपुढे वाढवण्याचा मोह आवरावा, कारण उजेड वाढतो तशी धाग्याची ताकद घटते. तपासणीसाठी नोटा तपासण्याचा ३६५ नॅनोमीटरचा टॉर्च वापरू नये. त्याने हे कण जेमतेम उजळतात, उलट टिनोपॉल (कपडे शुभ्र दिसण्यासाठीची पावडर) लावलेला कोणताही कपडा निळसर चमकतो आणि दिशाभूल होते. कणांशिवायचा एक धागा याच पद्धतीने ओढून शेजारी ठेवावा आणि २५४ नॅनोमीटरच्या दिव्यासमोर डोळ्यांवर संरक्षक चष्मा व हातांवर मोजे घालूनच दोन्हींची तुलना करावी.