कासव एकच, नोंदी दोन: पाण्याखालच्या छायाचित्रांतील या चुका टाळा

अंदमान किंवा लक्षद्वीपला डायव्हिंग करून परतलेले ओळखीचे नागपूरकर मला कासवांची छायाचित्रे आवर्जून दाखवतात. छायाचित्रे बहुधा सुंदर असतात; पण तेच कासव पुढच्या वर्षी पुन्हा दिसले तर ते ओळखता येईल का, हे पाहू गेल्यास त्यांतली बरीचशी उपयोगाची ठरत नाहीत.

सर्वांत मोठी चूक म्हणजे एकाच बाजूचे छायाचित्र घेणे. ताडोबा-पेंचमध्ये ट्रॅप कॅमेरे वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर का लावतात, हे आपल्याकडे अनेकांना ठाऊक आहे: वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे वेगवेगळे असतात. कासवाच्या चेहऱ्याचेही तसेच आहे. डोळ्यामागच्या खवल्यांची संख्या, आकार आणि मांडणी प्रत्येक कासवात निराळी असते, वर्षानुवर्षे टिकते, मात्र दोन्ही गालांवर ती सारखी नसते. त्यामुळे एका फेरीत डावा गाल आणि दुसऱ्या फेरीत उजवा गाल टिपला गेला, तर एकाच कासवाची दोन कासवे होतात आणि त्या खडकावरची संख्या नकळत फुगते. दोन्ही बाजू एकाच भेटीत मिळाल्या तरच त्या एकमेकींशी निश्चित जोडता येतात. एकच बाजू मिळाली असेल, तर तसे स्पष्ट लिहून ठेवावे. छायाचित्र सजवताना ते आरशासारखे उलटे करणे तर पूर्ण टाळावे, कारण मग डावा गाल उजवा म्हणून नोंदला जातो आणि ही चूक पुढे सहसा सापडत नाही.

पाठीवरून ओळख पटवण्याचा मोहही आवरावा. कवचावर शेवाळ वाढते, बार्नॅकल (कठीण कवचाचे छोटे समुद्री जीव) चिकटतात आणि गळून पडतात. शिवाय खोल पाण्यात लाल रंग आधी नाहीसा होत असल्याने रंगावर विसंबता येत नाही. तुटलेला पाय किंवा जुनी जखम हा जोडपुरावा समजावा. छायाचित्रे ताडून पाहणारी संगणकप्रणाली जुळणारे चेहरे सुचवते. अंतिम निर्णय मात्र खवला खवला ताडून माणसानेच घ्यावा.

जात ठरवताना डोळ्यांच्या मधले खवले पाहावेत: हिरव्या कासवाला तिथे एक जोडी असते, तर हॉक्सबिल या दुसऱ्या जातीच्या कासवाला दोन जोड्या. मास्कच्या काचेतून वस्तू सुमारे एक तृतीयांश मोठी भासते, हे लांबीचा अंदाज लिहिताना लक्षात घ्यावे. आखूड शेपटीवरून मादी ठरवू नये, कारण वयात न आलेल्या नराची शेपटीही आखूडच असते.

व्हॉट्सॲपवरून साध्या छायाचित्रासारखे पाठवले की प्रतिमा दबते आणि तारीख-वेळेची माहिती गळते, म्हणून नोंद ठेवणाऱ्यांना मूळ फाइलच पाठवावी. कॅमेऱ्याचे घड्याळ निघण्यापूर्वीच तपासावे.

दुसरा गाल मिळावा म्हणून कासवाचा पाठलाग करणे मात्र अक्षम्य आहे. त्याला श्वासासाठी पृष्ठभागावर यावेच लागते, आणि ती वाट अडवणारा पाणबुड्या त्याचा जीव धोक्यात घालतो. आपल्या समुद्रातील सागरी कासवांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे, त्यामुळे हात लावण्याचा प्रश्नच येत नाही. थोडे अंतर राखून शांत थांबावे. चरणारे कासव बहुधा स्वतःच मान वळवते.

आणि ज्या फेरीत कासव दिसलेच नाही, तिचीही जागा, तारीख आणि पाण्याखालची मिनिटे लिहावीत. त्याशिवाय कासवे कमी झाली की पाहणारे, हे कळत नाही.