समुपदेशनाच्या परिणामाचा अभ्यास करताना या चुका टाळा

बेळगाव, निपाणी, खानापूर या भागांतले मानसशास्त्र, समाजकार्य आणि परिचर्येचे विद्यार्थी नैराश्यावरील किंवा चिंताविकारावरील समुपदेशनाचा विषय प्रबंधासाठी निवडू लागले आहेत, ही चांगली गोष्ट आहे. मात्र असे प्रबंध तपासताना त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा समोर येतात, आणि त्यांतल्या बहुतेक पहिले सत्र होण्यापूर्वीच होऊन गेलेल्या असतात. विद्यार्थ्याला उपचार सुरू करण्याची घाई असते, आणि मोजमाप उरलेल्या वेळात उरकले जाते.

सर्वांत जुनी चूक म्हणजे तुलना गट, म्हणजे ते समुपदेशन न मिळालेल्यांचा गट, न घेता प्रश्नावलीवरचे गुण (जितके जास्त, तितका त्रास जास्त) केवळ ‘आधी’ आणि ‘नंतर’ मोजणे. माणूस दवाखान्याची पायरी चढतो तो बहुधा त्याच्या सर्वांत वाईट आठवड्यात. त्यानंतर काहीही न करता मोजले तरी बऱ्याच जणांचे गुण उतरलेले दिसतात; काहींचे नैराश्य आपोआप ओसरते, तर काहींचा पहिला आकडाच योगायोगाने चढलेला असतो. चोर्ला घाटापलीकडे, गोव्यात झालेला ‘हेल्दी ॲक्टिव्हिटी प्रोग्रॅम’ या नैराश्यावरील समुपदेशनाचा अभ्यास २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला, आणि तो वाचल्याशिवाय मी कोणाशीही आराखड्याबद्दल बोलत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, नैराश्य मोजणाऱ्या पीएचक्यू-९ या प्रश्नावलीवर १४ पेक्षा जास्त गुण असलेल्या रुग्णांना तिथे प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ सत्रे दिली. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के रुग्णांचे गुण १० च्या खाली आले होते. पण ज्यांना केवळ केंद्रातील डॉक्टरांचे नेहमीचे, थोडे सुधारलेले उपचार मिळाले, त्यांच्यातलेही ३९ टक्के तेवढेच खाली आले होते. तुलना गट नसता, तर या ३९ टक्क्यांचेही श्रेय समुपदेशनाने लाटले असते.

तुलना गट म्हणून नुसती प्रतीक्षा यादी ठेवणे हाही सोयीचाच मार्ग आहे. आपली पाळी येणार आहे हे कळलेला माणूस स्वतःहून काही करायचे थांबवतो, आणि त्याच्याशेजारी कोणताही उपचार उजळून दिसतो. नेहमीचे उपचार चांगल्या रीतीने देऊन त्यांच्याशी तुलना करावी. परिणाम लहान दिसेल, पण टिकेल.

दुसरी चूक मला अधिक खटकते, ती म्हणजे मध्येच गळालेल्या सहभागींना हिशेबातून वगळणे. एका विद्यार्थ्याने सीमेलगतच्या गावांत मोलमजुरी करणाऱ्या महिलांचे दोन गट केले होते. सत्रे पावसाळ्याच्या अखेरीस सुरू झाली, आणि शेवटचे मोजमाप नेमके ऊसतोडीच्या हंगामात आले. उपचार गटातल्या जेमतेम निम्म्या महिला हाती लागल्या; काही तोडणीला गेल्या होत्या, काही कामासाठी गोव्याला, तर काहींनी सत्रांना येणेच सोडले होते. तुलना गटातल्या मात्र जवळजवळ सर्वजणी भेटल्या, कारण त्यांच्याकडून दर आठवड्याला अर्ध्या दिवसाच्या मजुरीचे मोल कोणी मागितलेच नव्हते. विद्यार्थ्याने उरलेल्या महिलांचे गुण मांडले, फरक मोठा आला, आणि ‘उपचार अत्यंत प्रभावी’ असा निष्कर्ष टंकलिखित होऊन माझ्यासमोर आला. गेलेल्या महिला बऱ्या झाल्या म्हणून कामाला गेल्या, की उपयोग नाही म्हणून यायच्या थांबल्या, हे त्याला विचारले, तेव्हा त्याच्या वहीत त्यांच्या नावापुढे केवळ फुली होती. तो प्रबंध वाचवण्यासारखा राहिला नव्हता. गोव्याच्या अभ्यासात ४९५ पैकी ४६६ जणांचे तीन महिन्यांनंतरचे मोजमाप झाले होते, हे त्याला मी तेव्हा दाखवले.

माझी सवय अशी आहे की पहिल्याच भेटीत दोन फोन क्रमांक, माहेरच्या गावाचे नाव आणि हंगामात कामाला कुठे जाणार हे लिहून घ्यावे. शेवटच्या मोजमापाच्या दिवसाची मजुरी खर्चात धरावी. सत्रे सोडलेल्या व्यक्तीचेही मोजमाप करावे, आणि जिला ज्या गटात नेमले तिला अखेरपर्यंत त्याच गटात मोजावे. संगणकावर हव्या त्या चाचण्या फिरवून गळती भरून निघते, असे मानणाऱ्यांशी वाद घालणे मी सोडून दिले आहे.

सहभागींना दोन गटांत वाटताना ‘एक इकडे, एक तिकडे’ ही यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारखी, वाटणी नव्हे. पुढची पाळी कोणत्या गटाची हे आशाताईंना कळले, की त्या गरजू बाईला नेमके उपचाराच्या पाळीला पाठवतात, आणि त्यांच्या जागी कोणीही तेच करील. कोणाचा गट कोणता हे आत लिहिलेली बंद, अपारदर्शक पाकिटे अभ्यासाशी संबंध नसलेल्या माणसाकडे ठेवावीत.

ज्याने उपचार दिले त्यानेच गुण विचारू नयेत. आठ आठवडे प्रेमाने बोललेल्या माणसासमोर ‘अजून बरं वाटत नाही’ म्हणण्याचा संकोच आपल्याकडे फार असतो.

गटात समुपदेशन दिले असेल, तर एका गटातल्या व्यक्ती एकमेकींसारख्या होत जातात. वीसजणींचा गट आणि ०.०५ इतके साम्य (० म्हणजे मुळीच नाही, १ म्हणजे पूर्ण) धरले, तरी नमुना, म्हणजे सहभागींची संख्या, जवळपास दुप्पट लागतो. पहिले मोजमाप मराठीत आणि दुसरे कन्नडमध्ये, कारण त्या दिवशी दुसरी परिचारिका होती, हेही मी पाहिले आहे; दोन्ही वेळा भाषा एकच ठेवावी आणि प्रश्नावलीची तपासून प्रमाणित केलेली आवृत्तीच वापरावी. अशा अभ्यासाची नोंद सीटीआरआय या उपचार-चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत पहिला सहभागी घेण्यापूर्वी करावी, आणि मुख्य परिणाम कोणता मोजणार हे तिथेच लिहून टाकावे.

पीएचक्यू-९ मधला नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. तो विचारून उत्तर वहीत नोंदवायचे आणि गुणांची बेरीज महिनाभराने करायची, हा निष्काळजीपणा मी अजिबात खपवून घेत नाही. प्रश्नावली त्याच जागी, त्या व्यक्तीसमोर तपासावी. त्या प्रश्नाला होकार आला तर तिला एकटे न सोडता कोणत्या डॉक्टरांकडे न्यायचे, धारवाडच्या डिम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत पाठवायचे तर गाडी कोणाची, आणि घरच्यांपैकी कोणाला सांगायचे, हे आराखड्यातच लिहिलेले असावे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक सहभागीला पहिल्याच दिवशी, तिला वाचता येईल अशा लिपीत, कागदावर लिहून द्यावा.