परसातल्या नारळ-सुपारीची पावसाळी गळ: पडलेले फळ आधी पाहा, मग टाका

पाऊस लागला की नारळ-सुपारीच्या बुंध्याशी रोज सकाळी काही ना काही पडलेले सापडते. बहुतेक जण ते पालापाचोळ्याबरोबर झाडून थेट खताच्या खड्ड्यात लोटतात. तसे करू नका. उंच झाडाच्या शेंड्यात काय बिघडले आहे ते खालून दिसत नाही, पण पडलेल्या फळावर ते बऱ्याचदा स्पष्ट उमटलेले असते. फळ उलटसुलट करून पाहायला फार वेळ लागत नाही.

सुपारी आधी घेऊ, कारण सततच्या पावसात तिचे नुकसान झपाट्याने होते. हिरवी सुपारी पडली असेल तर देठाकडची टोपी दूर करा. टोपीलगत पाणी मुरल्यासारखा गडद डाग, सालीची गेलेली तकाकी आणि पुढे फळावर चढत जाणारी पांढरी बुरशी दिसली, तर तो कोळे रोग. फायटोफ्थोरा नावाची बुरशी त्याला कारण असते. पावसाचे शिंतोडे आणि वारा तिला एका घोसावरून दुसऱ्या घोसावर नेतात. अशी फळे रोजच्या रोज वेचून जाळावीत. पावसात जाळणे जमत नसेल तर झाडांपासून दूर खोल पुरावीत. खताच्या खड्ड्यात टाकलेली रोगट सुपारी खताबरोबर पुन्हा झाडाच्या बुंध्याशी येण्याची भीती असते.

कोळे रोगावर १ टक्का बोर्डो मिश्रणाची (मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, आणि चुना यांचे बुरशीनाशक) पहिली फवारणी पावसाआधीच व्हायला हवी. पहिली झाली असेल तर साधारण ४० ते ४५ दिवसांनी दुसरी घ्यावी. राहिलीच असेल तर उघडीप मिळताच घ्यावी आणि द्रावणात चिकटद्रव्य घालायला विसरू नये. परसातल्या चार झाडांसाठी १० लिटर पुरते: ५ लिटर पाण्यात १०० ग्रॅम मोरचूद, दुसऱ्या ५ लिटरमध्ये १०० ग्रॅम कळीचा चुना, दोन्ही प्लॅस्टिकच्या बादल्यांत. चुन्याचे दुधाळ पाणी थंड झाल्यावर गाळून घ्यावे आणि मोरचुदाचे पाणी त्याच्यात ढवळत ओतावे. मग स्वच्छ लोखंडी सळई बुडवून पाहावी. तिच्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे, थोडे चुन्याचे पाणी आणखी घालावे. मिश्रण त्याच दिवशी संपवावे. विहीर किंवा माशांचे तळे जवळ असेल तर त्यात थेंबही जाऊ देऊ नये, तांबे माशांना घातक असते. झाडे मोजकीच असतील तर पावसापूर्वी घोसांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधणे हाही चांगला उपाय आहे. यंदा उशीर झाला असेल तर पुढच्या वर्षी जरूर करावा.

नारळाच्या गळीची कारणे अनेक, म्हणून घाईने औषध आणू नये.

कोवळ्या फळाला देठाजवळ भोक पडले असेल तर ते उंदराचे काम. खोडाला जमिनीपासून सुमारे २ मीटर उंचीवर पत्र्याचा गुळगुळीत पट्टा घट्ट गुंडाळावा, रुंदी ४० सेंमीच्या आसपास. मात्र झावळ्या शेजारच्या झाडाला किंवा छपराला टेकत असतील तर उंदीर तिकडून येतो आणि पत्रा नुसता शोभेला राहतो. आधी त्या झावळ्या काढाव्यात.

टोपीखालून निघणारा फिकट त्रिकोणी चट्टा, नंतर तो तपकिरी होऊन सालीला उभ्या भेगा आणि कधी डिंकासारखा स्राव, ही इरिओफाइड कोळी या अतिसूक्ष्म किडीची खूण. कोळी नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, टोपीच्या आत दडलेली असते. तिचा जोर उन्हाळ्यात असतो. आता भर पावसात कडुनिंबाचे तेल फवारून ते धुऊन जाऊ देण्यात अर्थ नाही. चट्टे असलेली पडलेली फळे तेवढी गोळा करून नष्ट करावीत, फवारणी पाऊस सरल्यावर.

आणि पडलेल्या बोंडावर, म्हणजे नुकत्याच धरलेल्या लहान फळावर, कसलीच खूण नसेल तर? नारळाच्या पोयीत (फुलोऱ्यात) येणाऱ्या मादी फुलांपैकी बरीचशी गळणारच, त्यातही नुकत्याच धरू लागलेल्या झाडाची जास्त. गळ नेहमीपेक्षा फारच वाढली तर आळ्यात पाणी साचते का ते आधी पाहावे आणि चर काढून ते वाहते करावे. माझ्या मते परसातल्या निम्म्या तक्रारी एवढ्यावर मिटतात. पालाश किंवा बोरॉनची कमतरता हेही कारण असू शकते. ते मातीपरीक्षणानंतर ठरवावे, आणि खत धो धो पावसात टाकू नये.

पक्व नारळ पडला तर कानाशी हलवावा. पाणी वाजले, भेग नसली आणि डोळे कोरडे असले तर तो ठेवण्याजोगा. बुरशी धरलेले खोबरे गुरांनाही घालू नये, त्यात विषारी द्रव्ये तयार झालेली असू शकतात. पिकल्या फळांचे घोस वेळेवर उतरवून घ्यावेत, आणि वादळी वाऱ्यात झाडाखाली ना गुरे बांधावीत ना गाडी लावावी.

राहिली सोडणे (नारळाच्या जाड साली), करवंट्या आणि उंदराने पोखरलेली फळे. त्यांत पाणी साचते आणि डेंग्यू पसरवणारा डास नेमका अशाच साठ्यात अंडी घालतो. करवंट्या पालथ्या घालून कोरड्या जागी ठेवाव्यात, पोखरलेली फळे फोडून पुरावीत. निरोगी सोडणे बुंध्यापासून दीडएक मीटरवर चर खणून त्यात थरांनी रचावीत आणि वर माती ओढावी. ती ओल धरून ठेवतात, पाऊस गेल्यावर झाडाला तिचा उपयोग होतो.