सौरघटात ऊर्जा कुठे वाया जाते? या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांसाठी

सौर क्षेत्रात यायचंय, सुरुवात कुठून करू, असं विचारणारे बहुतेक जण कार्यक्षमतेचा ताजा विक्रम सांगूनच बोलायला लागतात. मी पदार्थविज्ञान शिकून पॅनेल तपासणाऱ्या प्रयोगशाळेत लागले आणि पुढे सौर प्रकल्पांच्या देखभालीकडे वळले. दोन्हीकडे मला विक्रमांपेक्षा एकच प्रश्न जास्त उपयोगी पडला: आलेली ऊर्जा नेमकी कुठे वाया जातेय? इतिहासही याच प्रश्नाच्या आधाराने वाचला, तर तारखा पाठ कराव्या लागत नाहीत.

प्रकाशाने विद्युतप्रवाह निर्माण होतो हे एडमंड बेकरेलने 1839 मध्ये दाखवलं. चार्ल्स फ्रिट्सने 1883 च्या सुमारास सेलेनियमवर सोन्याचा अतिशय पातळ थर देऊन सौरघट केला, पण त्याची कार्यक्षमता जेमतेम 1 टक्का होती. 1954 मध्ये बेल प्रयोगशाळेतल्या चॅपिन, फुलर आणि पिअरसन यांनी सिलिकॉनचा घट 6 टक्क्यांपर्यंत नेला. चॅपिनने सुरुवात सेलेनियमवरच केली होती. फरक पडला तो सिलिकॉनमध्ये मुद्दाम मिसळलेल्या अशुद्धींनी तयार झालेल्या पी-एन जंक्शनमुळे, म्हणजे दोन प्रकारच्या सिलिकॉनच्या सीमेमुळे. प्रकाशाने सुटे झालेले इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉन निघून गेल्यावर उरलेली रिकामी जागा) पुन्हा एकमेकांत मिसळण्याआधीच तिथे वेगळे होतात. ही एक गोष्ट नीट समजेपर्यंत पुढचं काहीही वाचू नका, असं मी आग्रहाने सांगेन.

मग 1961 चा शॉकली-क्वीसर सिद्धांत हातात घ्या. एकाच जंक्शनच्या घटाला साध्या सूर्यप्रकाशात साधारण 33 टक्क्यांची मर्यादा का असते, ते त्यातून कळतं. सिलिकॉनचा बँडगॅप, म्हणजे इलेक्ट्रॉन सुटा करायला लागणारी किमान ऊर्जा, 1.12 इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे. त्याहून कमी ऊर्जेचे फोटॉन (प्रकाशकण) आरपार जातात आणि जास्त ऊर्जेच्या फोटॉनची वरची ऊर्जा उष्णतेत जाते. हे गणित सौर वर्णपटाची आकडेवारी घेऊन स्वतः एकदा सोडवून बघा. चार दिवस जातील, जाऊ द्या.

यानंतर बाजारातल्या घटांच्या प्रकारांची नावं आपोआप उलगडतात. पर्कमध्ये घटाच्या मागच्या पृष्ठभागावर होणारं नुकसान कमी केलंय, टॉपकॉनमध्ये धातू जिथे सिलिकॉनला टेकतो तिथलं. पर्कचं मूळ काम ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात मार्टिन ग्रीन यांच्या गटाने 1980 च्या दशकात केलं, आणि कारखान्यांनी ते मोठ्या प्रमाणावर उचललं 2010 नंतर. संशोधनात जाणाऱ्यांनी ही मधली वर्षं लक्षात ठेवावीत.

माझं खरं शिक्षण झालं ते आय-व्ही वक्रावर. पॅनेलचा करंट आणि व्होल्टेज यांचा हा आलेख वाचता आला, की पॅनेलच्या तक्रारी कळू लागतात. ओपन सर्किट व्होल्टेजकडचा (करंट शून्य असतो त्या टोकाचा) उतार मंदावला असेल तर सोल्डरिंग किंवा जोडण्यांमधला रोध वाढलाय. शॉर्ट सर्किट करंटकडची (व्होल्टेज शून्य असतं त्या टोकाची) सपाट रेघ खाली झुकली असेल तर घटातच करंट गळत असण्याची शक्यता मोठी. मध्येच पायरी दिसली तर कुठेतरी सावली किंवा तुटलेला घट आहे आणि करंटला त्या भागाला वळसा घालू देणारा बायपास डायोड चालू झालाय. याच्या जोडीला इलेक्ट्रोल्युमिनेसन्स चाचणी शिका. अंधारात पॅनेलमध्ये बाहेरूनच करंट सोडला की सिलिकॉन अवरक्त प्रकाश देतं आणि खास कॅमेऱ्यात करंटपासून तुटलेले भाग काळे दिसतात. वरून निर्दोष दिसणाऱ्या पॅनेलमधल्या भेगा पहिल्यांदा अशा पाहिल्या, तेव्हा मी याच कामात राहणार हे माझं ठरून गेलं.

प्रकल्पावर जाणाऱ्यांनी तापमानाशी मैत्री करावी. पॅनेलवर छापलेले आकडे प्रति चौरस मीटर 1000 वॅट प्रकाश आणि घटाचं तापमान 25 अंश सेल्सिअस धरून काढलेले असतात. उन्हात घट 60 अंशांवर गेला आणि तापमान गुणांक दर अंशाला उणे 0.35 टक्के असला, तर 12 टक्क्यांहून थोडी जास्त शक्ती तिथेच जाते. थंडीत उलटं होतं. 50 व्होल्टची 20 पॅनेल एका स्ट्रिंगमध्ये (एकामागून एक अशा साखळीत) जोडली की कागदावर 1000 व्होल्ट होतात. व्होल्टेजचा गुणांक दर अंशाला उणे 0.25 टक्के धरला तर घट 5 अंशांवर असताना तेच 1050 होतात. पॅनेलची डीसी वीज एसीत बदलणाऱ्या इन्व्हर्टरची मर्यादा 1000 व्होल्ट असेल, तर 19 पॅनेलवरच थांबायला हवं. मुलाखतीला येणाऱ्यांना मी हेच गणित घालते.

आणि डीसीची, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहाची, भीती बाळगा. ऊन असेपर्यंत स्ट्रिंगमधलं व्होल्टेज बंद करता येत नाही. एसी प्रवाह क्षणोक्षणी शून्यातून जातो, डीसी जात नाही, म्हणून त्याची ठिणगी पेटली की पेटती राहते. करंट चालू असताना कनेक्टर कधीही ओढू नका, कोणी कितीही घाई केली तरी.

जगभरातली एकूण सौरक्षमता 2022 मध्ये 1 टेरावॅटच्या पुढे गेली. एकूण उत्पादन दुप्पट झालं की पॅनेलची किंमत साधारण 20 टक्क्यांनी उतरते, हा कल कित्येक दशकं टिकून आहे. त्यामुळे कामंही पसरली आहेत: ग्रिडचं नियोजन, साठवण, देखभाल, जुन्या पॅनेलमधून चांदी आणि सिलिकॉन परत काढणं. या शेवटच्या कामाकडे फार थोडे तरुण वळतात, याचं मला वाईट वाटतं.

पेरोव्हस्काइट या घटांसाठीच्या नव्या स्फटिक पदार्थाची ओढ वाटत असेल तर जरूर जा. 2009 मध्ये मियासाका यांच्या गटाने 3.8 टक्क्यांवर सुरुवात केली होती. आज सिलिकॉनवर पेरोव्हस्काइटचा थर दिलेले प्रयोगशाळेतले घट एका जंक्शनच्या मर्यादेपलीकडे गेले आहेत. पण या विषयावरचा कुठलाही शोधनिबंध उघडलात की आधी टिकाऊपणाचा भाग वाचा. 85 अंश तापमान आणि 85 टक्के आर्द्रतेत 1000 तास ठेवल्यावर घटाची किती क्षमता उरली, हा आकडा तिथे शोधा. दिलेला नसेल, तर पीएचडीसाठी प्रश्न तिथेच पडलेला आहे.