चरबी उतरायची थांबली, की व्यायाम कसा बदलावा

सुरुवातीचे सात-आठ किलो भराभर उतरतात. कपडे सैल होतात, ओळखीचे लोक विचारायला लागतात, आणि मग काटा एका आकड्यावर ठाण मांडून बसतो. आठवडे जातात, आकडा हलत नाही. अशा वेळी बहुतेक जण चालण्यात आणखी अर्धा तास घालतात, नाहीतर ताटातलं आणखी थोडं कमी करतात. चार दिवस फरक पडतो आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या. माझं मत असं, की वेळ वाढवण्याआधी आहे त्या वेळातला व्यायाम शरीराला अजून जड जातोय का, ते बघावं. बऱ्याचदा तो केव्हाच सवयीचा होऊन गेलेला असतो.

थोडा हिशेब करू. ताशी ५ किलोमीटर वेगाने तासभर चाललं, तर वजनाच्या दर किलोमागे साधारण साडेतीन कॅलरी खर्च होतात. म्हणजे ९० किलोच्या माणसाच्या ३१५. तोच माणूस ७८ किलोवर आला, की त्याच रस्त्यावर, तेवढ्याच वेळात २७३. बसल्याजागीचा खर्चही वजनाबरोबर खाली आलेला असतो. शिवाय कमी खाणं लांबलं, की शरीर काटकसर करू लागतं. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये ॲन्सेल कीज यांनी ३६ तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवून अभ्यास केला. त्यांचा ऊर्जेचा खर्च नुसत्या घटलेल्या वजनाच्या मानाने व्हायला हवा त्याहूनही जास्त घटला, आणि ते तरुण हालचालच टाळू लागले. तुमची उपासमार होत नसली, तरी तोच प्रकार लहान प्रमाणात चालू असतो.

पायरी १: खरंच थांबलंय का, ते तपासा

आठवडाभर काटा हलला नाही, याला थांबणं म्हणत नाहीत. मीठ जास्त झालं, झोप बिघडली, पोट साफ झालं नाही, एवढ्यानेही एक-दोन किलो इकडचे तिकडे होतात. स्नायूंमध्ये साठवलेल्या दर ग्रॅम साखरेबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी अडकून राहतं, त्यामुळे एका भरपेट दिवसानंतर वाढलेलं वजन बहुतांशी पाण्याचंच असतं.

रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन करा आणि आठवड्याची सरासरी काढा. आठवड्यातून एकदा बेंबीच्या पातळीवर टेपने पोट मोजा. श्वास सोडून, टेप न आवळता. पाळी येत असेल, तर या महिन्यातल्या आठवड्याची तुलना गेल्या महिन्यातल्या त्याच आठवड्याशी करा, नाहीतर उगाच निराशा पदरी पडते. तीन-चार आठवडे सरासरी आणि पोटाचं माप दोन्ही जागच्या जागी असतील, तर पुढे वाचा. वजन तेच आणि पोट दोन सेंटिमीटरने कमी, असं असेल तर काहीच बदलू नका. चरबी उतरतेच आहे.

पायरी २: एक आठवडा खरी नोंद ठेवा

“रोज तासभर जिम करतो” या वाक्यात बरंच काही लपलेलं असतं. एक आठवडा घड्याळ लावून बघा. दोन सेटच्या, म्हणजे एका दमात केलेल्या फेऱ्यांच्या मध्ये मोबाइल, गप्पा, मशीन मोकळं व्हायची वाट, हे सगळं वजा करा. तासातली पंचवीस मिनिटं उरली, तरी ओशाळू नका. उलट बरंच आहे, सुधारायला जागा सापडली.

मशीनवर किंवा मनगटावरच्या घड्याळात दिसणाऱ्या कॅलरींवर मात्र विसंबू नका. स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ मध्ये अशी सात उपकरणं तपासली. नाडीचे ठोके बहुतेकांनी बरे मोजले, पण कॅलरींच्या बाबतीत त्यातल्या सगळ्यात चांगल्या उपकरणाचीही सरासरी चूक २७ टक्के निघाली. ‘चारशे जाळल्या, आता चारशेचं खाऊ’ या हिशेबात अनेकांची महिन्याची मेहनत वाहून जाते.

पायरी ३: वजनाचे व्यायाम मध्यावर आणा

या लेखातलं एकच काही करणार असाल, तर हे करा.

कमी खाऊन वजन उतरवताना चरबीबरोबर स्नायूही झिजतात. ज्या स्नायूंना नियमित जड काम पडतं, ते शरीर राखून ठेवतं आणि घट जास्त करून चरबीतून होते. ‘स्नायू वाढले की झोपेतही भरपूर चरबी जळते’ हे जे सांगतात, ते सोडून द्या. एक किलो स्नायू विश्रांतीत दिवसाला जेमतेम १३ कॅलरी खर्च करतो. दोन किलो कमावले तरी २६ झाल्या. खरा फायदा असा, की उतरलेल्या किलोंमध्ये चरबीचा वाटा वाढतो आणि अंगात ताकद राहते. ताकद असली की बाकीचा व्यायामही जोरात होतो.

आठवड्यातून तीन दिवस, निदान दोन. प्रत्येक वेळी पूर्ण शरीराचे चार-पाच प्रकार पुरतात:

- बैठका
- कमरेतून वाकून वजन उचलणं, म्हणजे डेडलिफ्ट. गुडघे किंचित वाकलेले, पाठ सरळ, नितंब मागे ढकलत खाली जायचं आणि वजन पायांच्या अगदी जवळून वर आणायचं
- ढकलणं: जोर, किंवा डंबेल छातीवरून वर नेणं
- ओढणं: वाकून डंबेल कमरेकडे खेचणं, जमत असेल तर पुलअप्स
- दोन्ही हातांत वजन घेऊन ताठ चालणं

प्रत्येकाचे तीन सेट, सेटमध्ये ८ ते १२ वेळा, मध्ये दीड-दोन मिनिटं विश्रांती. वजन किती घ्यायचं, याची खूण अशी: सेट संपला तेव्हा ‘ओढूनताणून आणखी दोन झाले असते’ असं वाटलं पाहिजे. आणखी दहा झाले असते, तर वजन हलकं आहे. एकही झाला नसता, तर सध्या जड आहे.

बैठकच घ्या. खुर्चीकडे पाठ करून उभे राहा, दोन पायांत खांद्यांच्या रुंदीइतकं अंतर, पंजे किंचित बाहेर. तीन आकडे मोजत खाली जा. खुर्चीला नुसता स्पर्श होऊ द्या, तिच्यावर विसावू नका. एक आकडा तिथेच थांबा आणि पूर्ण पाऊल जमिनीत दाबत वर या. एरवी घाईघाईने पंचवीस मारणाऱ्यांच्या मांड्या अशा आठव्या बैठकीला थरथरू लागतात. वजन नाही, जिम नाही, फक्त वेग कमी केला.

मग वही काढा. साधी वही, ॲप नसलं तरी चालेल. त्यात ‘बैठका, १२ किलो: १०, १०, ८’ एवढंच लिहा. पुढच्या वेळी तिसऱ्या सेटला ९ काढायच्या. तिन्ही सेटना १२ झाल्या, की वजन एका टप्प्याने वाढवायचं आणि पुन्हा ८ पासून सुरुवात. घरी वजन नसेल तर खाली जायचा वेळ वाढवा, तळाशी जास्त थांबा, एका पायावर जास्त भार घ्या. जोर आधी टेबलाच्या कडेवर, मग जमिनीवर, मग पाय उंचावर. महिन्याभरापूर्वीच्या पानावरचे आकडे आणि आजचे आकडे सारखेच असतील, तर व्यायाम होतोय पण प्रगती नाही. स्नायूंना झालेला घाम कळत नाही, वाढलेला भार कळतो.

पायरी ४: कार्डिओची विभागणी करा

कार्डिओ म्हणजे चालणं, पळणं, सायकल असा दम लागणारा व्यायाम. तो रोज एकाच मध्यम वेगाने, ना धड सोपा ना धड कठीण असा करणारे लोक सर्वांत जास्त अडकलेले दिसतात. त्याचे दोन भाग पाडा.

दोन-तीन दिवस सोपा आणि लांब: चालत किंवा सायकल चालवत सलग बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही, इतपत. एक दिवस, सवय झाल्यावर फार तर दोन दिवस, जोरकस. १० मिनिटं अंग गरम करा. मग १ मिनिट असा वेग, की दोन-तीन शब्दांपलीकडे बोलता येऊ नये; २ मिनिटं अगदी सावकाश. असं सहा वेळा, शेवटी ५ मिनिटं हळू. एकूण ३३ मिनिटं. गुडघे कुरकुरत असतील, तर हेच सायकलवर किंवा चढावर चालून करा, पळायलाच हवं असं नाही.

नंतर तासन्‌तास चरबी जळत राहते, ही जाहिरात झाली. तो नंतरचा खर्च असतो, पण व्यायामाच्या मूळ खर्चाच्या मानाने थोडकाच. कमी वेळात चांगलं काम होतं आणि दम वाढतो, एवढं कारण पुरेसं आहे. मशीनवर लिहिलेल्या ‘फॅट बर्निंग झोन’चंही तसंच. हळू व्यायामात इंधनातला चरबीचा वाटा जास्त असतो, हे खरं. पण दिवसभरात खर्च किती आणि खाणं किती, यावर शेवटी चरबी ठरते. आणि पोटाचे व्यायाम करून पोटाचीच चरबी जाते, ही समजूत तर काही केल्या मरत नाही. पोटाचे व्यायाम जरूर करा, पोटाच्या स्नायूंसाठी.

पायरी ५: उरलेल्या तेवीस तासांकडे बघा

ही पायरी लोक हमखास गाळतात. वजन उतरत होतं त्या महिन्यातली रोजची सरासरी पावलं फोनमध्ये उघडा आणि या महिन्याशी ताडून बघा. जिम तीच असूनही दिवसाला दोन-तीन हजार पावलं गळालेली सापडणं काही दुर्मीळ नाही. व्यायामाने दमलं, की माणूस नकळत बसून राहतो, लिफ्ट घेतो, पाण्याचा ग्लासही दुसऱ्याला आणायला सांगतो.

उत्तर टांझानियातल्या हाडझा या शिकार करून आणि कंदमुळं गोळा करून जगणाऱ्या लोकांचा अभ्यास हर्मन पॉन्त्झर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. एवढं चालूनही, शरीराचा आकार लक्षात घेतला तर, त्यांचा दिवसाचा एकूण खर्च पाश्चात्त्य देशांतल्या लोकांएवढाच भरला. व्यायाम वाढवत नेला की खर्चही त्याच मापात वाढत जातो, असं गृहीत धरू नये, ते यासाठी. गळालेली पावलं आधी परत मिळवा. नवा व्यायाम त्यानंतर.

पायरी ६: विश्रांतीही वेळापत्रकात लिहा

शिकागो विद्यापीठाच्या २०१० मधल्या एका अभ्यासात दहा जणांना आहार तोच ठेवून दोन आठवडे साडेआठ तास आणि दुसरे दोन आठवडे साडेपाच तास झोपेची मुभा दिली. वजन दोन्ही वेळा सारखंच घटलं, पण कमी झोपेच्या दोन आठवड्यांत चरबीची घट ५५ टक्क्यांनी कमी होती. लोक दहाच होते, तरी इशारा स्पष्ट आहे. पहाटे चारला उठून जिम गाठणाऱ्यांनी रात्री किती वाजता डोळा लागतो, तेही वहीत लिहावं.

सहा-आठ आठवड्यांनी एक आठवडा हलका घ्या: व्यायाम तेच, सेट निम्मे. महिनोन्‌महिने कमी खाणं चाललं असेल, चिडचिड होत असेल आणि वहीतले आकडे घसरत असतील, तर एक-दोन आठवडे वजन स्थिर राहील इतकं जेवा आणि मग पुन्हा सुरू करा.

आठवडा कसा मांडावा

सोमवार, बुधवार, शुक्रवार वजनाचे व्यायाम, ४० ते ४५ मिनिटं. मंगळवारी जोरकस कार्डिओ. गुरुवारी आणि शनिवारी सोपं, लांब चालणं. रविवारी सुट्टी, पण आडवं पडून नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सुचवला आहे. ही मांडणी त्यात बसते.

खाण्याबद्दल दोनच गोष्टी. ९० किलोचे असताना ठरवलेलं प्रमाण ७८ किलोला जास्त होतं, ते नव्याने ठरवा. आणि मूत्रपिंडं ठणठणीत असतील, तर दर किलो वजनामागे १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिनं घ्या, नाहीतर पायरी ३ ची निम्मी मेहनत फुकट.

हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, मधुमेहावर इन्शुलिन, गरोदरपण किंवा जुनं दुखणं असेल, तर जोरकस भाग डॉक्टरांना विचारूनच. छातीत दाब, भोवळ किंवा नेहमीपेक्षा वेगळी धाप जाणवली, तर लगेच थांबा आणि दाखवून घ्या.

नवीन वजनाचे व्यायाम सुरू केले, की पहिल्या दोन आठवड्यांत काटा थोडा वर जाऊ शकतो. दुखावलेले स्नायू पाणी धरून ठेवतात. तेव्हा घाबरून जेवण तोडू नका. सहा आठवडे हीच मांडणी ठेवा आणि मग वजनाची सरासरी, पोटाचं माप आणि वहीतले आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा. तिन्ही हललेच नाहीत, तर एकच गोष्ट बदला: आधी पावलं, मग कार्डिओचा एखादा दिवस. पोटाचं माप उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असेल, रक्ताचे रिपोर्ट चांगले असतील आणि वहीतली वजनं वाढत असतील, तर आणखी चरबी उतरवायची गरज खरंच आहे का, हाही प्रश्न डॉक्टरांना विचारून बघा.