संगणकावर सिंफनी वाजवायची, तर मॉड व्हीलवरचं बोट तयार हवं

सरावासाठी बीथोव्हनच्या सातव्या सिंफनीचा दुसरा भाग घ्या, अलेग्रेट्टो. ८ डिसेंबर १८१३ रोजी व्हिएन्नात ही सिंफनी पहिल्यांदा वाजली, तेव्हा या भागाला श्रोत्यांनी चक्क 'वन्स मोअर' दिला होता. यातली मुख्य सुरावट सुरुवातीला जवळजवळ एकाच सुरावर खिळून असते: एक लांब, दोन आखूड, दोन लांब. त्यामुळे वादन यांत्रिक झालं, की चोरी लगेच पकडली जाते.

स्वरलिपी जुन्या आवृत्तीची वापरा. संगीतावर आता कुणाचा हक्क नाही, पण नव्या संपादित आवृत्तीवर किंवा दुसऱ्याने बनवलेल्या मिडी फाइलवर (कोणता स्वर कधी, किती जोरात, याच्या संगणकी सूचना) असू शकतो. सुरुवातीचे ९८ बारच (बार म्हणजे ठोक्यांचा एक गट) करा, अडीच मिनिटांचं काम आहे.

वाद्यांसाठी स्पिटफायर कंपनीच्या मुद्रित वाद्य-आवाजांच्या संचाची 'बीबीसी सिंफनी ऑर्केस्ट्रा डिस्कव्हर' ही छोटी आवृत्ती चालेल, सोबत रीपरसारखं रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर. प्रत्येक वाद्याला स्वतंत्र ट्रॅक द्या. पहिले आणि दुसरे व्हायोलिन एकाच ट्रॅकवर कोंबू नका. स्वर भरताना दोन सापळे आहेत: 'ए'मधलं क्लॅरिनेट लिहिल्यापेक्षा तीन अर्धस्वर खाली वाजतं आणि डबल बास एक सप्तक खाली.

टेम्पो बीथोव्हनने स्वतः दिलाय, मिनिटाला ७६ ठोके. तो आधाराला घ्या, पण वाक्य संपताना किंचित रेंगाळू द्या. क्वांटाइझचं बटण दाबून सगळे स्वर ग्रिडला, म्हणजे ठोक्यांच्या काटेकोर रेघांना, चिकटवले, तर कवायत होते.

आता खरं काम. मिडीमध्ये स्वर किती जोरात दाबला ती व्हेलॉसिटी; पण लांब सुरांच्या बहुतेक सॅम्पलमध्ये, म्हणजे मुद्रित आवाजांमध्ये, जोर ठरतो तो मॉड्युलेशन (मॉड) व्हीलवर. हे मिडी कीबोर्डवरचं चाक, म्हणजे सीसी १ हे मिडी नियंत्रण, ० ते १२७. हे नुसतं आवाज वाढवण्याचं बटण नव्हे. व्हील वर सरकवलं, की हलक्या हाताने वाजवलेल्या सॅम्पलमधून जोरात वाजवलेल्या सॅम्पलमध्ये आपण जातो आणि सुराचा पोतच बदलतो. नुसता आवाज कमी-जास्त करायला सीसी ११ आहे.

व्हायोला, चेलो, डबल बास सुरावट हलकी सुरू करतात. मग दुसरे व्हायोलिन ती उचलतात, मग पहिले, आणि ७५व्या बारला अख्खा वाद्यवृंद पूर्ण जोरात कोसळतो. तिथवर पोचायला जवळजवळ दोन मिनिटं लागतात. म्हणून आरंभी व्हील तिसाच्या आसपासच ठेवा, नाहीतर पुढे चढायला जागाच उरत नाही. प्रत्येक ओळीचं व्हील वेगळं, स्वतःच्या हाताने, स्वर वाजत असताना फिरवा. मी पहिल्यांदा आळसाने एकच आलेख सगळ्या तंतुवाद्यांवर पेस्ट केला होता. पायपेटीचा भाता ओढल्यासारखं वाटत होतं!

तुमच्या संचात लिगाटो आवाज असेल आणि लांब सूर एकमेकांत मिसळायला तो निवडत असाल, तर आधीचा स्वर पुढच्यावर किंचित चढवा. अशा सॅम्पलला उमटायला वेळ लागतो. तो ट्रॅक शंभरेक मिलिसेकंद आधी सरकवा आणि आकडा कानाने ठरवा. मधल्या आखूड सुरांना स्टॅकाटो, म्हणजे तुटक वाजवलेला आवाज, लावायचा मोह होईल. माझ्या मते ते फार कोरडे होतात. लांब सुराचंच सॅम्पल घेऊन नोट आखूड करावी.

बीबीसीच्या या संचातले वादक मुद्रणावेळी आपापल्या जागीच बसलेले होते, त्यामुळे डावं-उजवं हलवायची गरज नाही. खोलीचा घुमाराही आहेच. वरून द्यायचा कृत्रिम घुमारा, म्हणजे रिव्हर्ब, दोन सेकंदांच्या आसपास, सगळ्यांना एकच आणि चिमूटभर.

शेवटी ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट वेव्ह फाइल काढा. सर्वांत उंच शिखर उणे १ डेसिबलवर ठेवा, लिमिटर (मोठा आवाज दाबून सपाट करणारं साधन) लावू नका. फोनवर ऐकणारा म्हणेल, सुरुवातीला काहीच ऐकू येत नाही. त्याला हेडफोन लावायला सांगा.